गडी कोणी बाद केला?

आंतरशालेय खो-खो स्पर्धेचा दिवस मावळतीला येतो तेव्हा मैदानावर दोन साक्षी उरतात. एक साक्ष गुणलेखकाच्या टेबलावरच्या कागदाची. कोणता गडी किती वेळ पळाला आणि त्याला कोणी बाद केले, याची त्यावर नोंद असते. दुसरी साक्ष मैदानाच्या कडेला गोल करून बसलेल्या मुलांची. गुडघे मातीने माखलेले, ओरडून आवाज बसलेले, कोणाचे कोपर खरचटलेले. त्यांच्यापुढे सर किंवा बाई प्रश्न ठेवतात: आज काय शिकलात? मग एकामागून एक मुले उभी राहतात आणि सांगतात, की आम्ही एकजुटीने खेळलो, एकीचे बळ कळले, संघभावना महत्त्वाची असते. मुले खोटे बोलत नसतात. पण या दोन साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. कागद म्हणतो, गडी एकाने बाद केला. मुले म्हणतात, सगळ्यांनी केला. हा विसंवाद किरकोळ वाटला तरी त्याच्या पोटात एक जुना आणि कठीण प्रश्न आहे: कोणत्याही कर्माचा कर्ता कोण? संघभावना म्हणून आपण मुलांना जे शिकवतो ते सगळे या प्रश्नाच्या उत्तरावर उभे आहे. माझे म्हणणे असे, की सांघिक खेळाचा सर्वांत खोल धडा एकीचा नाही, कर्तेपणाचा आहे. श्रेय वाटून घ्यावे आणि जबाबदारी मात्र दुसऱ्यावर वाटून टाकू नये, हे जो संघ शिकला तो काही शिकला. हे शिकणे मैदानावर सुरू होते आणि पुरे होते ते खेळानंतरच्या त्या गोलात.

खो-खो हा प्रश्न जितका लख्ख मांडतो तितका दुसरा खेळ क्वचितच मांडत असेल. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांची चौकट दिली. पुढे नियम बदलत गेले, पण गाभा तोच राहिला. मधल्या पाटीत आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलागावर. पळणाऱ्याला पाटीच्या अल्याड-पल्याड कुठेही जाण्याची मोकळीक. पाठलाग करणाऱ्याला मात्र पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत गेल्याशिवाय मागे वळता येत नाही. चपळ गडी एकट्याच्या हाती लागणे जवळजवळ अशक्य व्हावे, अशीच ही रचना आहे. आता एक पाठलाग जवळून पाहू. पळणारी मुलगी दोन बसलेल्यांच्या मधून पलीकडे सटकते. पाठलागावरचीला पाटी आडवी येते. ती समोरच्या पाठीवर हात टेकवून ‘खो’ म्हणते आणि तिच्या जागी बसते. उठलेली चार पावले धावते, तोवर गडी पुन्हा अलीकडे. पुन्हा खो. तिसरी थेट खांबाची दिशा धरते. तिच्या हाती गडी लागत नाही, पण खांबाला वळसा घालून निसटण्याची वाट ती बंद करते. पळणारी थबकते, पाटी ओलांडून मागे फिरते आणि त्यात तिचा अर्धा श्वास जातो. त्याच क्षणी शेवटच्या चौकोनातल्या मुलीला खो मिळतो. ती दोन पावले टाकते, हात लांबवते, बोटांची टोके पाठीला लागतात. शिट्टी वाजते. कागदावर या चौथीचा क्रमांक जातो.

तो क्रमांक चुकीचा नाही. हात तिचाच लागला. पण त्या दोन पावलांची जागा कोणी तयार केली? पहिल्या दोघींनी पळणारीला दमवले, तिसरीने वाट अडवली. आणि ज्या पाचजणी या सगळ्या धावपळीत उठल्याच नाहीत, त्यांचे काय? पायांच्या चवड्यांवर भार घेऊन, मान वळवून, कधीही उठू अशा तयारीत त्या बसल्या होत्या. म्हणून पळणारीने त्यांच्या जवळची वाट टाळली आणि ती खांबाच्या कोपऱ्यात गेली. ढिलाईने बसलेल्या मुलीच्या समोरून गडी बिनधास्त जातो, सावध बसलेलीच्या समोरून जात नाही. म्हणजे बसणे हेही इथे करणे आहे. याहून सूक्ष्म गोष्ट खो देणाऱ्याची. आणखी एक ढांग टाकली तर गडी आपल्याच हाती लागेल, असे वाटत असतानाच पाठलाग दुसरीच्या स्वाधीन करायचा आणि तिने रिकामी केलेली जागा निमूटपणे घ्यायची. जुन्या भाषेत याला त्याग म्हणत. या त्यागाची नोंद कागदावर कुठेच होत नाही.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीला जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. शरीराने, वाणीने किंवा मनाने माणूस जे काही करतो, बरे किंवा वाईट, त्यामागे ही पाचही असतात. त्यानंतर गीता म्हणते, की असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची बुद्धी संस्कार न झालेली आहे आणि त्याला नीट दिसत नाही. आपल्या पाठलागाला ही पाच कारणे लावून पाहावीत. फक्कीने आखलेले मैदान आणि पळणारे शरीर हे अधिष्ठान. धावणारी मुलगी कर्ता. तिचे डोळे, पाय, लांबवलेला हात ही करणे. तिच्या आणि तिच्या सोबतिणींच्या साऱ्या हालचाली या चेष्टा. आणि सकाळच्या दवाने एका कोपऱ्यात ओलसर राहिलेली माती, कौल कोणाच्या बाजूने लागला, पळणारीचा घसरलेला पाय, हे सगळे दैवाच्या खात्यात. या पाचांत कर्त्याचे स्थान आहे, पण ते पाचांतले एक आहे. गीता कर्त्याला पुसून टाकत नाही. ती त्याला रांगेत बसवते.

इथे एक खुलासा करायला हवा. शंकराचार्यांच्या भाष्यात या श्लोकाचा रोख शुद्ध आत्मा अकर्ता आहे हे दाखवण्याकडे आहे. रामानुजाचार्यांनी दैव या पाचव्या कारणाचा अर्थ अंतर्यामी परमात्मा असा घेतला आहे. मी घेतो आहे तो अर्थ या दोन्हींपेक्षा साधा आणि व्यवहाराच्या जवळचा आहे. पण दोन्ही आचार्यांच्या मार्गांनी गेले तरी एक गोष्ट समान राहते: ‘हे मी एकट्याने केले’ हे वाक्य परमार्थात टिकत नाही. ते व्यवहारातही टिकत नाही, एवढेच मला दाखवायचे आहे. आणि हे दाखवण्यासाठी चौदा वर्षांच्या मुलीला अठरावा अध्याय वाचायला सांगण्याची गरज नाही. तो पाठलाग पहिल्या खोपासून पुन्हा आठवून सांगायला लावले तरी पुरे.

मग कर्ता म्हणजे संघ, असे म्हणावे का? मुलांच्या उत्तरांत बहुधा हाच उपाय असतो: ‘मी’ काढायचा आणि त्या जागी ‘आपण’ ठेवायचा. इथे मात्र जरा थांबायला हवे. मिलिंदपन्ह या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो, की तू रथात बसून आलास, तर रथ म्हणजे नक्की काय? दांडी म्हणजे रथ का? आस? चाके? जू? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग हे सगळे मिळून रथ? त्यालाही तो नाही म्हणतो. मग या सगळ्यांना सोडून वेगळे काही रथ आहे का? तेही नाही. शेवटी राजाच कबूल करतो, की दांडी, आस, चाके यांच्यामुळे रथ हे व्यवहारातले नाव पडते. नागसेनाला हे माणसाविषयी सांगायचे होते, पण ते संघालाही तितकेच लागू पडते. नऊ मुलींना वगळून दहावी कोणी ‘संघ’ नावाची व्यक्ती मैदानावर नसते. संघ म्हणजे त्या नऊ जणींमधल्या देवघेवीला दिलेले नाव. देवघेव थांबली की गणवेश एकच असला तरी संघ उरत नाही. म्हणून ‘मी’च्या जागी ‘संघ’ बसवला तर प्रश्न सुटत नाही. अहंकार फक्त मोठा होतो आणि नऊ तोंडांनी बोलू लागतो. ‘आमच्या शाळेसारखे कोणी नाही’ या घोषणेत ‘माझ्यासारखी कोणी नाही’ यापेक्षा नम्रता जास्त असते, असे मानायला काही आधार नाही.

पहिला आक्षेप इथेच उभा राहतो, आणि तो वजनदार आहे. कर्ता पाच कारणांतला एक, संघ हे नुसते नाव. मग चूक कोणाची? खो मिळण्याआधीच एखादी मुलगी उठली, पंचांनी शिट्टी वाजवली आणि हाताशी आलेला गडी सुटला. सामना एका गुणाने गेला. आता ती मुलगी म्हणेल, की मी एकटी थोडीच कर्ता आहे. खो देणारीचा आवाज उशिरा आला, गर्दीच्या गोंगाटात ऐकू आला नाही, दैवच असे. कर्तेपणाची अशी वाटणी म्हणजे पळवाट नव्हे का? ज्या समाजात ‘नशिबात होते’ हे वाक्य हर चुकीवर पांघरूण म्हणून घातले जाते, तिथे मुलांना हे शिकवणे धोक्याचे नाही का? धोका खरा आहे. त्याचे उत्तर असे, की पाच कारणांचे ज्ञान कोणत्या दिशेने वापरायचे याला एक नियम आहे, आणि तो नियम दोन्ही बाजूंना सारखा नाही. श्रेय मोजताना आपल्यावाचूनच्या चार कारणांकडे पाहायचे. चूक मोजताना आपल्या एका कारणाकडे. कारण श्रेयाच्या बाबतीत आपले डोळे आपोआप स्वतःकडे वळतात, चुकीच्या बाबतीत आपोआप दुसऱ्याकडे. दोन्ही ठिकाणी त्यांना उलट वळवावे लागते तेव्हा कुठे दृश्य सरळ दिसते. शिवाय पाच कारणांपैकी उद्या मला बदलता येईल असे एकच आहे, ते म्हणजे मी. माती कोरडी राहील का, कौल आपल्या बाजूने लागेल का, हे माझ्या हाती नाही. खो कानावर पडेपर्यंत बसून राहणे माझ्या हाती आहे. म्हणून जबाबदारी स्वतःकडे घेणे ही स्वतःला दिलेली शिक्षा नाही. आपला हात पोचतो ती जागा ओळखणे, एवढाच तिचा अर्थ.

गुणवत्तेच्या बाजूने येणारा आक्षेप वेगळा आहे. सगळेच कर्ते असतील, तर जी मुलगी रोज पहाटे मैदानावर येते, जिने मारलेल्या सुरामुळे सामना फिरला, तिच्या पदरात काय? संघभावनेच्या नावाखाली हुशाराला खाली बसवायचे आणि आळशाला त्याच्या खांद्यावर चढवायचे, हे शाळेतल्या गटकार्यात होतच असते. चार जणांच्या नावाचा प्रकल्प एकच जण रात्री बसून पुरा करतो. आणि फळ तर व्यक्तीलाच मिळते. प्रमाणपत्रावर एकेकाचे नाव असते, आणि दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणारे सवलतीचे क्रीडागुणही ज्याच्या त्याच्या गुणपत्रिकेत जमा होतात. या आक्षेपात न्यायाची चाड आहे आणि ती राखायलाच हवी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून तो जिंकला, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या दोन कर्णधारांची नावे घरोघर गेली. ती जायलाच हवी होती. कर्ता पाच कारणांतला एक आहे म्हणजे तो कमी महत्त्वाचा आहे, असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात हा तोल नेमका धरला आहे. समता नसलेले स्वातंत्र्य थोड्यांचे वर्चस्व निर्माण करील आणि स्वातंत्र्य नसलेली समता व्यक्तीचा पुढाकार मारून टाकील, असा त्यांचा इशारा होता. आणि बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता या दोन्ही गोष्टी स्वाभाविकपणे चालणार नाहीत, त्या चालवायला पोलीस शिपायाची गरज पडेल, असे त्यांनी सांगितले. मैदानावर हे तिन्ही एकत्र दिसतात. उठलेल्या मुलीने कुठे धावायचे ते तिचे तिने ठरवायचे, हे स्वातंत्र्य. खो कोणालाही मिळू शकतो, ही समता. आणि मिळालेला पाठलाग आपल्यापाशी अडवून न ठेवणे, ही बंधुता. गुणी मुलीचे नाव पुसून बंधुता वाढत नाही. तिने स्वतःच्या तोंडाने बाकीची नावे घेतली की वाढते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: एकी हा मुळात सद्गुण आहे का? महाभारतात समन्वयाचे सर्वांत काटेकोर उदाहरण शोधायला गेले तर ते चक्रव्यूहात सापडते. जयद्रथाने पांडवांना दारातच रोखले, आणि आत सहा महारथींनी मिळून सोळा वर्षांच्या अभिमन्यूला घेरले. एकाने धनुष्य तोडले, दुसऱ्याने घोडे मारले, तिसऱ्याने रथाच्या रक्षकांना ठार केले. प्रत्येकाने आपले काम चोख केले, वेळ अचूक साधली, एकमेकांवर विश्वास ठेवला. संघभावनेच्या कोणत्याही निकषावर ते उतरले असते, आणि तरी ते कृत्य महाभारतातल्या सर्वांत काळ्या कृत्यांपैकी एक आहे. तेव्हा ‘एकीने खेळलो’ हे वाक्य अर्धेच आहे. एकीने काय केले, हे सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाही. परस्परांना साहाय्य करण्याविषयीचा तुकोबांचा जो चरण शाळांच्या भिंतींवर रंगवलेला असतो, त्याचा पहिला भाग मदतीचा आहे, पण दुसरा भाग चांगल्या वाटेचा आहे. आपण बहुधा पहिल्याशीच थांबतो. ज्या संघाने ठरवून पंचांची नजर चुकवली, वय लपवून मोठा मुलगा लहान गटात उतरवला आणि सगळ्यांनी मिळून तोंडे बंद ठेवली, त्याच्यातही एकी होतीच. कर्तेपणाचा विचार इथे कामाला येतो. सहा महारथींपैकी प्रत्येक जण म्हणू शकला असता, की मी फक्त घोडे मारले, मी फक्त धनुष्य तोडले. पापाची अशी वाटणी करून प्रत्येकाचा वाटा हलका होत नाही. ज्या क्षणी एक जण म्हणाला असता, की या घेऱ्यात मी उभा राहणार नाही, त्या क्षणी घेरा तुटला असता. गरज पडली तर संघाच्या विरुद्ध उभा राहणारा एक आवाज संघात असणे, हेही संघकार्य आहे.

एकीची दुसरी विकृती आपल्या अधिक ओळखीची आहे. जातही एक संघच आहे. तिच्यातही माणसे एकमेकांच्या लग्नाकार्यात धावून जातात, अडीनडीला उभी राहतात. पण ती देवघेव एका रेषेशी थांबते. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात, म्हणजे ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या पुस्तकात, आंबेडकरांनी समाज कशाने बनतो याचा विचार केला आहे. नुसते शेजारी राहण्याने किंवा सारख्या चालीरीती पाळण्याने समाज बनत नाही. एखाद्या सामायिक कार्यात माणूस भागीदार होतो, त्या कार्याचे यश त्याला आपले यश आणि अपयश आपले अपयश वाटते, तेव्हा बनतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे, आणि जात अशा सामायिक कार्यालाच आडवी येते हा त्यांचा आरोप आहे. शाळेच्या खेळाचे मोल इथे कळते. बनियनच्या पाठीवर आडनाव नसते, क्रमांक असतो. खो देताना हात पाठीवर टेकावाच लागतो. स्पर्शावाचून हा खेळ पुढे सरकत नाही. ज्या देशात स्पर्शावरून माणसांना शतकानुशतके गावाबाहेर ठेवले, तिथे घामाने भिजलेल्या कोणाच्याही पाठीवर बेलाशक टेकलेला हात ही साधी गोष्ट नाही. पण तो हात मैदानापुरताच राहिला, आणि मधल्या सुट्टीत डब्यांचे गोल पुन्हा घरच्या ओळखीप्रमाणे बसले, तर खेळाने आपले काम अर्ध्यावर सोडले असे म्हणावे लागेल. त्या संध्याकाळच्या गोलात हाही प्रश्न यायला हवा, की आज एकमेकींना खो देणाऱ्या आपण उद्या डबा खायला कोणाशेजारी बसणार.

कोणी म्हणेल, सहकार्य शिकवायचे तर स्पर्धा कशाला? दुसऱ्याला हरवण्यासाठी केलेली मदत ही निर्मळ मदत कशी? यात तथ्य असे, की चषकासाठी वेडावलेली शाळा मुलांना खेळ विसरायला लावते. पण स्पर्धेच्या तळाशी एक सहकार्य असते, ते या आक्षेपात दिसत नाही. दोन्ही संघांनी एकच मैदान, एकच नियम, एकच पंच मान्य केलेले असतात. पाळी संपली की पाठलाग करणारे पळू लागतात आणि पळणारे पाटीत बसतात. नऊ मिनिटांपूर्वी जे दुसऱ्याच्या वाट्याला होते ते आपल्या वाट्याला येते. भूमिकांची अशी अदलाबदल रोजच्या जगण्यात फार कमी ठिकाणी पाहायला मिळते. आणि आपला उत्तम पाठलाग कोणामुळे झाला? समोरची मुलगी उत्तम पळाली म्हणून. ती ढिली असती तर आपला तिसरा खो कधी घडलाच नसता. म्हणजे प्रतिस्पर्धीही आपल्या कर्माच्या कारणांत बसतो. गोलात बसून ज्या मुलांना समोरच्या संघातल्या एका तरी खेळाडूचे नाव घेऊन तिच्याकडून काय शिकलो ते सांगता येते, त्यांना स्पर्धेने बिघडवलेले नाही.

उरतो तो अनुभवी शिक्षकांचा आक्षेप. ते म्हणतील, हे सगळे ठीक, पण मुले गोलात तेच बोलतात जे आम्हाला ऐकायचे असते. चिंतन म्हणून जे होते ती पाठ केलेली वाक्ये असतात. हे खरे आहे, आणि दोष मुलांचा नाही, प्रश्नाचा आहे. ‘काय शिकलात’ असे विचारले की उत्तर सुविचारच येणार. या बाबतीत बौद्ध भिक्षुसंघाची एक प्रथा आपल्याला वाट दाखवू शकते. मराठीत टीमला आपण जो शब्द वापरतो तोच या भिक्षूंच्या समुदायाचाही आहे. तीन महिन्यांचा वर्षावास संपला, की भिक्षू एकत्र बसतात आणि पवारणा करतात. प्रत्येक जण, थोरांपासून धाकट्यांपर्यंत, संघाला विनंती करतो: माझ्या वागण्यात तुम्हाला काही चूक दिसली असेल, ऐकू आली असेल किंवा तिची शंका आली असेल, तर माझ्यावर दया करून ती सांगा, मला कळली की मी सुधारेन. इथे कोणी दुसऱ्यावर आरोप ठेवायला उभा राहत नाही, आणि स्वतःचे गुणही गात नाही. प्रत्येक जण आपला दोष दुसऱ्याच्या डोळ्यांतून पाहायला तयार होतो. मी पाठमोरा बसलेला असताना काय केले, ते समोरच्यालाच दिसते. खो-खोच्या पाटीत ही गोष्ट अक्षरशः खरी आहे: तिथे प्रत्येकाची पाठ दुसऱ्याच्या भरवशावर असते.

म्हणून त्या संध्याकाळच्या गोलाला मी तीन साध्या गोष्टी सुचवेन. पहिली, बोलायची सुरुवात कर्णधाराने करू नये. दिवसभरात जिला सर्वांत कमी खो मिळाले तिने करावी. ती सर्वांत जास्त वेळ बसली होती, म्हणून तिने सर्वांत जास्त पाहिले आहे, आणि तिला आजवर कोणी विचारलेले नाही. दुसरी, प्रत्येकीने आपली एक चूक दुसरीला विचारावी आणि ऐकताना खुलासा देऊ नये. तिसरी, जिच्या क्रमांकापुढे बाद केलेले गडी लिहिले आहेत, तिने त्यातला एक पाठलाग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावा. या तिसऱ्या गोष्टीवर माझा सर्वांत जास्त भरवसा आहे, कारण तिच्यात उपदेशाचा एक शब्दही नाही. गुणलेखकाचा कागद तसाच राहतो. त्यावरचा क्रमांक कोणी खोडत नाही. पण तीच मुलगी, जिची बोटे त्या पाठीला लागली, आपल्या दोन पावलांपासून सांगायला लागते आणि तिच्या लक्षात येते, की गोष्ट इथे सुरू होत नाही. खो कोणी दिला ते आठवावे लागते. तिला कोणी दिला, तेही. खांबाची वाट कोणी अडवली, कोपऱ्यात सावध कोण बसले होते, माती कुठे ओली होती. एकेक नाव घेत ती मागे जाते आणि ज्या मुलीने पहिला खो दिला होता तिच्यापाशी पोचते. गडी कोणी बाद केला, या प्रश्नाचे उत्तर मग कोणाला शिकवावे लागत नाही. ते तिने आताच सांगून झालेले असते.